निःशस्त्रीकरण संस्थेतील राजकीय व्यवहार अधिकारी: प्रत्यक्ष काम काय असते आणि ते करण्याजोगे आहे का?

उत्तरायण

नमस्कार. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयातील पदव्युत्तर शिक्षण मी नुकतेच पूर्ण केले असून, प्रबंधासाठी जैविक शस्त्रबंदी करारातील पडताळणीचा, म्हणजे राष्ट्रे करार पाळतात की नाही हे तपासण्याचा, प्रश्न निवडला होता. १९७२ साली सह्यांसाठी खुला झालेल्या या करारात पडताळणीची यंत्रणाच नाही आणि ती निर्माण करण्यासाठी झालेल्या वाटाघाटी २००१ मध्ये कोलमडल्या, हे अभ्यासताना या क्षेत्रात काम करावे असे तीव्रतेने वाटू लागले. जिनिव्हा, न्यूयॉर्क, व्हिएन्ना आणि हेग येथील संस्थांच्या ‘राजकीय व्यवहार अधिकारी’ या पदाच्या जाहिराती मी नियमित वाचते. मात्र त्यांतील भाषा इतकी ठरावीक असते की बैठकांना साहाय्य करणे, घडामोडींचे विश्लेषण करणे, अहवालांचे मसुदे तयार करणे, यापलीकडे हाती काही लागत नाही. म्हणून ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांना विचारते आहे.

माझ्या मनात मुख्यतः तीन शंका आहेत. पहिली, या अधिकाऱ्याच्या हातात नेमके काय असते? दुसरी शंका अधिक त्रास देणारी आहे. जिनिव्हातील निःशस्त्रीकरण परिषदेने १९९६ मधील सर्वंकष अणुचाचणी बंदी करारानंतर एकाही कराराच्या वाटाघाटी पूर्ण केलेल्या नाहीत. अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या २०१५ आणि २०२२ च्या आढावा परिषदा अंतिम दस्तऐवजाविनाच संपल्या. अशा ठिकाणी उमेदीची वर्षे घालवण्याला अर्थ आहे का? तिसरी शंका व्यक्तिगत आहे. अण्वस्त्रे संपूर्णपणे नष्ट झाली पाहिजेत असे माझे ठाम मत आहे आणि ते मी लेखांतून मांडलेही आहे. असे मत असलेल्या व्यक्तीने या नोकरीत जावे का, आणि गेल्यावर त्या मताचे काय करावे?

माझे शिक्षण विज्ञान शाखेतील नाही, हेही सांगून ठेवते. आपला अनुभव अनुकूल असो वा प्रतिकूल, कृपया मोकळेपणाने लिहावे.

टिपणवही

उत्तरायण, आपले प्रश्न योग्य आहेत आणि ते नोकरी पत्करण्याआधी विचारत आहात हे फार चांगले. मी बरीच वर्षे जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या बाजूने काम केले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. वाटाघाटी राष्ट्रे करतात. अधिकाऱ्याला मत देता येत नाही, प्रस्ताव मांडता येत नाही आणि सभागृहात स्वतःच्या नावाने बोलताही येत नाही. तरीही त्याच्यावाचून सभागृह चालत नाही. याचे कारण समजण्यासाठी निःशस्त्रीकरण परिषदेचीच रचना पाहा. सदस्य ६५. वार्षिक अधिवेशन तीन भागांत मिळून २४ आठवड्यांचे. अध्यक्षपद इंग्रजी वर्णानुक्रमाने दर चार कामकाजी आठवड्यांनी पुढच्या देशाकडे जाते, म्हणजे वर्षाला सहा अध्यक्ष होतात. एका देशाची पाळी साधारण अकरा वर्षांनी येते. तोपर्यंत त्या देशाचे राजदूत कितीदा तरी बदललेले असतात आणि लहान देशांच्या जिनिव्हातील कार्यालयात निःशस्त्रीकरणाचे काम बहुधा एकच मुत्सद्दी, तोही मानवाधिकार आणि व्यापाराच्या कामातून वेळ काढून, पाहत असतो. अध्यक्षपदाच्या खुर्चीत बसणाऱ्या व्यक्तीसाठी तो अनुभव आयुष्यातला पहिला आणि शेवटचा असतो. गेल्या वेळी असा पेच आला तेव्हा काय ठरले होते, कोणत्या देशाची कोणती हरकत खरोखरची आहे आणि कोणती केवळ नोंदीसाठी आहे, हे सारे ज्याच्या लक्षात राहते तो सचिवालयातील अधिकारी. अध्यक्ष सभागृहात जे वाक्य उच्चारतात ते बहुतेक वेळा या अधिकाऱ्याने आदल्या रात्री लिहिलेले असते आणि त्याखाली ‘हरकत आल्यास हे वाचावे’ असा दुसरा परिच्छेदही तयार असतो.

एक प्रसंग कल्पून सांगतो, कारण तो या ना त्या रूपात वारंवार घडतो. एखाद्या कराराच्या आढावा परिषदेचा शेवटचा दिवस आहे. दुपारची बैठक तीन ते सहा. सहा वाजता दुभाषी काम थांबवतात आणि सहा भाषांतील भाषांतराविना दस्तऐवज स्वीकारायला काही शिष्टमंडळे ठाम नकार देतात. सहाला दहा मिनिटे कमी असताना मागच्या रांगेतून हरकतीचा मुद्दा उपस्थित होतो. अध्यक्षांनी त्यावर तत्काळ निर्णय द्यायचा असतो, त्या निर्णयाला आव्हान मिळाले तर लगेच मतदान घ्यायचे असते, आणि सहमतीने चालत आलेल्या परिषदेत एकदा मतदान झाले की पुढच्या सर्व सहमतीला तडा जातो. अशा वेळी अध्यक्षांच्या शेजारी बसलेला अधिकारी एक चिठ्ठी सरकवतो. त्यावर नियमाचा क्रमांक असतो आणि बैठक काही मिनिटे स्थगित ठेवावी अशी सूचना असते. त्या मिनिटांत दोन शिष्टमंडळांना एका कोपऱ्यात बोलावले जाते आणि तिकडे दुसरा सहकारी दुभाष्यांच्या प्रमुखांकडून वाढीव वेळ मिळवण्याच्या खटपटीत असतो. बरेचदा ती विनंती त्याने सकाळीच करून ठेवलेली असते, कारण संध्याकाळी काय होणार याचा अंदाज त्याला आलेला असतो. राजकीय विश्लेषण म्हणतात ते माझ्या मते हेच आहे. कोण, केव्हा, कशावर अडणार हे आधी ओळखणे आणि त्याची तजवीज करून ठेवणे.

या कामाचा दुसरा भाग शांतपणे बसून करायचा आहे आणि वेळ त्यातच अधिक जातो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या निःशस्त्रीकरणविषयक पहिल्या समितीत दर वर्षी ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत कितीतरी ठराव संमत होतात. त्यांतील अनेक ठराव महासचिवांकडून अहवाल मागतात. मग सर्व राष्ट्रांना पत्र जाते, उत्तरे येतात, न आलेल्या उत्तरांसाठी स्मरणपत्रे जातात आणि ८,५०० शब्दांच्या मर्यादेत अहवाल बसवावा लागतो. पारंपरिक शस्त्रांची संयुक्त राष्ट्रांची नोंदवही हे त्यातले एक उदाहरण. १९९१ च्या ठरावाने ती सुरू झाली. रणगाडे, चिलखती लढाऊ वाहने, मोठ्या व्यासाच्या तोफा, लढाऊ विमाने, लढाऊ हेलिकॉप्टर, युद्धनौका आणि क्षेपणास्त्रे अशा सात वर्गांतील आयात-निर्यातीची माहिती राष्ट्रांनी ३१ मेपर्यंत स्वेच्छेने द्यायची असते. आता एका देशाने कळवलेली निर्यात आणि दुसऱ्याने कळवलेली आयात जुळत नाही असे दिसले, तर अधिकाऱ्याने काय करायचे? लेखनातली उघड चूक वाटली तर तो संबंधित कार्यालयाला फोन करून विचारू शकतो. त्यापलीकडे कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. दोन्ही आकडे जसे आले तसे शेजारी शेजारी छापले जातात आणि तफावत वाचणाऱ्याला दिसते. हे काम मला कधीही क्षुल्लक वाटले नाही. राष्ट्राने स्वतःच्या सहीने दिलेला आकडा जगापुढे असणे, ही संशयाच्या वातावरणात लहान गोष्ट नाही.

आता आपली दुसरी शंका. परिषदेतील कोंडी खरी आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही. प्रत्येक निर्णय सहमतीने, आणि तोही कार्यक्रम ठरवण्यापासून, असा नियम असल्याने एक राष्ट्रसुद्धा सारे काम थांबवू शकते. २००९ च्या मे महिन्यात कार्यक्रम मंजूर झाला, सर्वांना हायसे वाटले आणि त्याची अंमलबजावणी मात्र होऊ शकली नाही. अशी वर्षे आतून पाहणे जड जाते. तरीसुद्धा रासायनिक शस्त्रबंदी कराराचा इतिहास माझ्या डोळ्यांपुढे असतो. ऐंशीच्या दशकात जवळजवळ अखेरपर्यंत तो करार होईल असे मानणारे थोडेच होते. तरीही दर वर्षी मसुद्यातील कलमे पुढे सरकवली जात होती, कशावर एकमत झाले आणि कशावर नाही याची नोंद काटेकोर ठेवली जात होती. शीतयुद्ध संपले, राष्ट्रांची इच्छा बदलली आणि १९९२ मध्ये परिषदेतील काम पूर्ण होऊन १९९७ च्या २९ एप्रिलला करार लागूही झाला. इच्छा निर्माण झाली त्या दिवशी कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागली असती, तर ती संधी कदाचित निसटली असती. आपल्या आयुष्यात पुन्हा तसे घडेल की नाही याची हमी कोणी देणार नाही. ही अनिश्चितता पचवता येत असेल तरच या वाटेने जावे.

तिसऱ्या शंकेचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतच आहे. कलम १०० नुसार कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारकडून, स्वतःच्याही सरकारकडून, सूचना मागायच्या नसतात आणि स्वीकारायच्या नसतात. मत असायला बंदी नाही. ते जाहीरपणे मांडण्यावर मर्यादा आहे. आपले जुने लेख आड येतील असे मला वाटत नाही. पण नोकरीत आल्यावर अण्वस्त्रधारी देशाच्या प्रतिनिधीला आपल्याकडून तितकेच नेमके आणि तितकेच प्रामाणिक साहाय्य मिळेल, याची खात्री त्यालाही वाटली पाहिजे. त्याने आपले लेख वाचलेले असणार, असे गृहीत धरून चालावे. आपली निष्पक्षता त्याला आपल्या वागण्यातून, आणि तीही कित्येक महिन्यांनी, पटते. मला हा या नोकरीतला सर्वात अवघड भाग वाटतो.

स्पंदलेख

वरील उत्तर वाचून थोडी भर घालावीशी वाटली. चर्चा जिनिव्हाभोवती फिरते तेव्हा निःशस्त्रीकरण म्हणजे केवळ अडलेल्या बैठका असा समज होतो. मी व्हिएन्नात, अणुचाचणी बंदी कराराच्या पूर्वतयारी आयोगात, तांत्रिक बाजूने काम केले आहे. हा करार अद्याप लागू झालेला नाही, कारण त्याच्या दुसऱ्या परिशिष्टातील ४४ राष्ट्रांपैकी सर्वांचे अनुमोदन आवश्यक आहे आणि ते मिळालेले नाही. असे असूनही त्याची निरीक्षणव्यवस्था रात्रंदिवस चालू आहे. आराखड्यात एकूण ३३७ केंद्रे आणि प्रयोगशाळा आहेत. भूकंपलहरी, पाण्याखालील ध्वनी, मानवी कानाला न ऐकू येणारे अतिमंद ध्वनी आणि हवेतील किरणोत्सारी कण व वायू अशा चार मार्गांनी ती जगावर लक्ष ठेवते. उत्तर कोरियाने २००६ ते २०१७ या काळात केलेल्या सहाही चाचण्या तिने टिपल्या.

अशा संस्थेत राजकीय व्यवहार अधिकाऱ्याचे काम काय, तर शास्त्रज्ञ आणि राजदूत यांच्यामधला दुवा होणे. हे वाक्य सोपे वाटते म्हणून एक उदाहरण देते. २०१३ च्या फेब्रुवारीतील चाचणीचे धक्के काही मिनिटांत नोंदले गेले. पण भूकंपलेखावरून स्फोट झाला इतकेच सांगता येते. तो अण्वस्त्राचाच होता याचा भक्कम पुरावा म्हणजे त्यातून निसटणारे झेनॉनसारखे किरणोत्सारी वायू, आणि ते त्या वेळी सुमारे ५५ दिवसांनी सापडले. मधल्या काळात प्रत्येक शिष्टमंडळाला उत्तर हवे होते. शिवाय चाचणी अण्वस्त्राची होती असा निवाडा देणे हे सचिवालयाचे काम नाही, कराराने तो अधिकार राष्ट्रांकडे ठेवला आहे. संस्थेने माहिती द्यायची, निष्कर्ष राष्ट्रांनी काढायचा. अशा वेळी कार्यकारी सचिवांच्या निवेदनाचा जो मसुदा तयार होतो त्यातील प्रत्येक विधान शास्त्रज्ञाला मान्य असले पाहिजे, राजदूताला समजले पाहिजे आणि त्यात कुठेही आपण जाणतो त्याहून अधिक सांगितले गेलेले नसले पाहिजे. आमच्या विभागातील आकडेवारी घेऊन जे अधिकारी खाली येऊन बसत, ‘याचा अर्थ असा घेतला तर चालेल का’ असे तीन-तीनदा विचारत, त्यांचे मसुदे टिकत. ज्यांना विचारण्याचा संकोच वाटे, त्यांचे मसुदे आम्हाला पुन्हा लिहून द्यावे लागत.

म्हणून विज्ञान शाखेची पदवी नसणे हा अडथळा नाही. आपल्या विषयातील तंत्रज्ञान काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, याची सीमारेषा मात्र ठाऊक हवी. आपण जैविक शस्त्रांवर काम केले आहे, तेव्हा हे आपल्याला नवे नसावे. एकच प्रयोगशाळा लस बनवण्यासाठीही वापरता येते आणि घातपातासाठीही, आणि तिथली उपकरणे पाहून हेतू कळत नाही. त्या करारातील पडताळणीची अडचण मोठ्या प्रमाणात येथूनच सुरू होते.

एक व्यावहारिक बाब जाहिरातीत बारीक अक्षरात असते, ती ठळकपणे सांगते. व्हिएन्नातील आमच्या आयोगात आणि हेगमधील रासायनिक शस्त्रबंदी संघटनेत व्यावसायिक श्रेणीतील नेमणुकांना साधारणपणे सात वर्षांची कमाल मर्यादा आहे. ज्ञान ताजे राहावे आणि नोकरी कायमची होऊ नये असा त्यामागचा हेतू आहे. त्याची किंमत अशी की, एखादी व्यक्ती तयार होते न होते तोच तिला बाहेर पडावे लागते. तिशीत आत आलेल्या माणसाने सदतिसाव्या वर्षी पुढे कुठे जायचे याचा विचार पहिल्या दिवसापासून ठेवायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य सचिवालयात हा नियम लागू नाही, पण तिथे प्रवेश मिळणे अधिक कठीण आहे.

हेगचा उल्लेख झाला म्हणून एक वस्तुस्थिती नोंदवते, कारण उत्तरायण यांच्या दुसऱ्या शंकेशी तिचा थेट संबंध आहे. राष्ट्रांनी जाहीर केलेल्या ७२,००० टनांहून अधिक रासायनिक अस्त्रसाठ्यातील शेवटचा हिस्सा ७ जुलै २०२३ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात नष्ट झाला. प्रत्येक टप्प्यावर निरीक्षक हजर होते. निःशस्त्रीकरण होत नाही, असे सरसकट म्हणणे मला म्हणूनच मान्य नाही.

मोहिमेकडून

मी दुसऱ्या बाजूने लिहितो आहे. माझे सारे काम स्वयंसेवी संस्थांच्या निःशस्त्रीकरण मोहिमांत झाले आणि टिपणवही यांच्या मांडणीशी मी पूर्ण सहमत नाही.

यंत्रणा जिवंत ठेवावी म्हणजे इच्छा जागी झाल्यावर ती उपयोगी पडेल, हे खरे आहे. परंतु इच्छा आपोआप जागी होत नाही, ती कोणीतरी जागी करावी लागते. गेल्या तीस वर्षांत ज्या करारांनी लोकांच्या आयुष्यात प्रत्यक्ष फरक पाडला त्यांपैकी काही महत्त्वाचे करार सहमतीच्या सभागृहाबाहेर झाले. भूसुरुंग बंदी करार १९९७ मध्ये ओस्लोत स्वीकारला गेला आणि ओटावात सह्यांसाठी खुला झाला. क्लस्टर बॉम्बवरील बंदी २००८ मध्ये झाली. अण्वस्त्र बंदी करार संयुक्त राष्ट्रांच्याच परिषदेत, पण मतदानाने, ७ जुलै २०१७ रोजी १२२ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. अण्वस्त्रधारी राष्ट्रे त्यात नाहीत, हा आक्षेप मला ठाऊक आहे. तरीही ज्यांच्या भूमीवर चाचण्या झाल्या त्या लोकांना मदत करण्याचे बंधन एका कराराने लिहून ठेवले, हे या मार्गाशिवाय घडले नसते.

त्यामुळे उत्तरायण, आपल्या तिसऱ्या शंकेकडे मी अधिक गांभीर्याने पाहण्याची विनंती करतो. २०२५ मध्ये फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी भूसुरुंग बंदी करारातून बाहेर पडण्याचे पाऊल उचलले. त्यांच्या सुरक्षेची चिंता खोटी नाही. पण अशा क्षणी ज्याला बोलावेसे वाटते त्या माणसाने गप्प राहून बाहेर पडण्याच्या सूचनेची रीतसर नोंद करणे, पुढील बैठकीच्या कागदपत्रांत सदस्यसंख्या दुरुस्त करणे आणि त्या राष्ट्राच्या प्रतिनिधीला नेहमीच्याच सौजन्याने सेवा देणे, हे सर्वांना जमेल असे नाही. महासचिव जाहीरपणे खेद व्यक्त करू शकतात. त्या निवेदनाचा मसुदा लिहिणारा अधिकारी स्वतःच्या नावाने एक ओळही लिहू शकत नाही. माझ्या ओळखीतील एक अत्यंत हुशार सहकारी अशाच घुसमटीमुळे सचिवालय सोडून आमच्याकडे आल्या, आणि आतली पद्धत ठाऊक असल्यामुळे त्यांचा आम्हाला फार उपयोग झाला.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. जिनिव्हाच्या परिषदेत आम्हाला बहुतेक वेळा वरच्या गॅलरीतून ऐकण्यापुरतीच जागा असते. बाकीच्या करारांच्या बैठकांत आम्हाला बोलण्याचा वेळ मिळतो, प्रवेशपत्रे वेळेवर निघतात, भूसुरुंगाने पाय गमावलेल्या माणसाला सभागृहात राजदूतांसमोर बसवता येते, ते पुष्कळदा एखाद्या अधिकाऱ्याने नियमांच्या चौकटीत वाट काढल्यामुळे. त्या माणसांची नावे कुठल्याही अहवालात येत नाहीत. मी त्यांचा ऋणी आहे आणि तरीही माझी जागा बदलणार नाही.

उत्तरायण

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. सात वर्षांची मर्यादा आणि निवाडा राष्ट्रांनीच करायचा ही बाब मला ठाऊक नव्हती. मोहिमेकडून यांचा मुद्दा मी विचारात घेते आहे. २०२५ च्या घडामोडींवर मी स्वतः काहीतरी लिहायला बसले होते, त्यामुळे तो मुद्दा वर्मी लागला. तूर्त तरी आत जाऊन काम शिकावे, काही वर्षांनी पुन्हा स्वतःला हाच प्रश्न विचारावा, असा माझा कल आहे. टिपणवही, प्रवेशाचा मार्ग कोणता धरावा आणि तोपर्यंत कशाची तयारी करावी, हे सांगू शकाल का?

टिपणवही

मोहिमेकडून यांच्याशी माझा वाद नाही. इच्छा बाहेरूनच निर्माण होते हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. मी फक्त ती निर्माण झाल्यानंतर लागणाऱ्या कामाबद्दल बोलत होतो.

आता मार्गाविषयी. मुख्य सचिवालयात व्यावसायिक श्रेणी व्यवहारात पी-२ पासून सुरू होते. पी-३ साठी साधारण पाच वर्षांचा आणि पी-४ साठी सात वर्षांचा संबंधित अनुभव मागितला जातो. अनुभवाविना थेट आत येण्याचा मुख्य मार्ग म्हणजे यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमची परीक्षा. तिच्यासाठी वयोमर्यादा ३२ वर्षे आहे आणि ज्या देशांचे सचिवालयातील प्रतिनिधित्व अपुरे आहे अशा देशांचे नागरिकच तिला बसू शकतात. ही यादी दर वर्षी बदलते, म्हणून आपला देश त्या वर्षीच्या यादीत आहे की नाही आणि परीक्षा राजकीय विषयांसाठी आहे की नाही, या दोन्ही गोष्टी दर वर्षी पाहाव्या लागतात. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर नाव यादीत जाते, नेमणूक लगेच होईलच असे नाही. काही सरकारे आपल्या खर्चाने कनिष्ठ व्यावसायिक अधिकारी पाठवतात, तो मार्ग त्या त्या सरकारच्या धोरणावर अवलंबून आहे. निःशस्त्रीकरणाची शिष्यवृत्ती १९७८ च्या विशेष अधिवेशनातील निर्णयातून सुरू झाली आणि उत्तम आहे, पण ती सरकारी सेवेतील तरुण अधिकाऱ्यांसाठी असते आणि नामनिर्देशन सरकारच करते. आपण परराष्ट्र सेवेत गेलात तरच तिचा विचार करता येईल.

सचिवालयातील इंटर्नशिप विनावेतन असते. जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात काही महिने स्वखर्चाने राहणे सर्वांना परवडत नाही, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर हा उघड अन्याय आहे असे माझे मत आहे. परवडत नसेल तर तिच्यासाठी कर्ज काढू नका. लोमे, लिमा आणि काठमांडू येथे प्रादेशिक केंद्रे आहेत; तिथे राहण्याचा खर्च तुलनेने कमी आहे आणि माणसे थोडी असल्यामुळे नवख्या व्यक्तीकडेही खरे काम येते. संशोधनाची आवड असल्यास जिनिव्हातील निःशस्त्रीकरण संशोधन संस्था पाहावी. ती १९८० मध्ये स्थापन झाली, संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत राहूनही स्वायत्त आहे आणि तिच्या संशोधकांना अधिकाऱ्यांपेक्षा मोकळेपणाने लिहिता येते. आपल्या आजच्या मनःस्थितीला ते ठिकाण कदाचित अधिक मानवेल.

पैशाची परिस्थिती मात्र लपवू नये अशी आहे. राष्ट्रांच्या वर्गण्या थकल्या की त्याचा फटका आधी बैठकांना आणि मग पदांना बसतो. स्वायत्त, म्हणजे माणसाच्या हस्तक्षेपाविना लक्ष्य निवडणाऱ्या, शस्त्रप्रणालींवरील सरकारी तज्ज्ञगटाची २०१७ च्या ऑगस्टमधील नियोजित बैठक केवळ थकबाकीमुळे रद्द झाली आणि गट प्रथम नोव्हेंबरमध्ये भेटला. आपल्या आवडीच्या जैविक शस्त्रबंदी कराराचा सारा सचिवालयीन भार जिनिव्हातील एका कक्षावर आहे. २००६ मध्ये तो स्थापन झाला तेव्हा त्यात तीन पदे होती, २०२२ च्या आढावा परिषदेने त्यात एकाची भर घातली. एवढ्याशा कक्षाकडे सर्व सदस्य राष्ट्रांची वार्षिक माहितीपत्रके, बैठका आणि पत्रव्यवहार असतो. अलीकडे सबंध सचिवालयातच भरतीवर निर्बंध आले आहेत. त्यामुळे अल्पमुदतीच्या कंत्राटांची मालिका, मध्ये रिकामे महिने, आणि पुन्हा कंत्राट, अशी पहिली काही वर्षे जातील असे धरून चाला.

तयारीविषयी माझा एकच आग्रह आहे, तो म्हणजे संक्षेपाने लिहिण्याचा सराव. निवडीच्या लेखी चाचणीत बहुधा भाषणांचा किंवा कागदपत्रांचा गठ्ठा देऊन ठरावीक वेळात वरिष्ठांसाठी टिपण लिहायला सांगतात. पहिल्या समितीच्या सर्वसाधारण चर्चेची ध्वनिचित्रफीत संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर पूर्ण उपलब्ध असते. एक तीन तासांची बैठक पूर्ण ऐका आणि तिचे एका पानाचे टिपण लिहा. कोण काय बोलले याची जंत्री नको. कोणाची भूमिका गेल्या वर्षीपेक्षा सरकली, कोणी नेहमीचा परिच्छेद या वेळी गाळला, कोणी कोणाच्या गटाच्या निवेदनाशी आपले नाव जोडले नाही, हे त्यात आले पाहिजे. त्यासाठी गेल्या वर्षीची भाषणे शेजारी उघडून ठेवावी लागतील. टिपण झाल्यावर त्यातील प्रत्येक विशेषण तपासा आणि जिथे आपली नापसंती डोकावते ते शब्द काढून टाका. अण्वस्त्रधारी राष्ट्राच्या प्रतिनिधीने ते पान वाचले तर त्याला आपली भूमिका विपर्यस्त झाली असे वाटता कामा नये.

इंग्रजीवर प्रभुत्व गृहीत धरले जाते. त्याच्या जोडीला फ्रेंच किमान वाचता आणि समजता येईल इतकी शिकून घ्या. जिनिव्हात सभागृहाबाहेर होणारे काही बोलणे त्या भाषेत चालते आणि आफ्रिकेतील अनेक शिष्टमंडळे तिच्यातच मनमोकळे बोलतात. आपल्या प्रबंधातील २००१ पर्यंतच्या वाटाघाटींचे प्रकरण कुठे प्रकाशित करता आले तर अर्जासोबत त्याचा उल्लेख जरूर करा. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्या कराराला बळकटी देण्यासाठी कार्यगट नेमला गेला आणि पडताळणीचा विषय पुन्हा चर्चेत आला आहे. जुन्या वाटाघाटींत राष्ट्रे नेमकी कुठे अडली होती हे मुळापासून माहीत असलेली तरुण माणसे त्या सभागृहात फार थोडी आहेत.